आमच्या पायांचा हिशेब द्या

वऱ्हाडात माणसांवर प्रयोग रोज चालतात. त्यांना कोणी प्रयोग म्हणत नाही, एवढेच. अमरावतीतला किंवा अकोल्यातला पायाच्या नसा फुगलेला माणूस दवाखान्याची पायरी चढतो, तेव्हा त्याच्यावर कोणता उपचार होणार हे बहुतेक वेळा त्याच्या पायावरून ठरत नाही. त्या दवाखान्याने कोणते यंत्र विकत घेतले आहे, यावरून ठरते. लेझर असेल तर लेझर, रेडिओफ्रिक्वेन्सी असेल तर ती, दोन्ही नसतील तर इंजेक्शनचा फेस, नाहीतर सरळ ऑपरेशन. कुठे जळवा लावतात, कुठे नुसत्या गोळ्या आणि मोजे. उपचार झालेल्या त्या पायाचे दोन वर्षांनी काय झाले, पाच वर्षांनी नस पुन्हा उघडली का, घोट्याजवळची जखम परत वाहू लागली का, याची वही कुणाकडे असते? मी विचारत फिरलो आहे. बिलांच्या वह्या सगळ्यांकडे आहेत, ही वही मला अजून कोणी दाखवलेली नाही.

आणि याच गावांत ‘क्लिनिकल ट्रायल’ म्हटले की तोच माणूस दचकतो. “आम्ही काय उंदीर हावो काय भाऊ?” असे मला विचारतो. पॅकेजचे पैसे भरून, टेबलावर झोपून, काहीही न विचारता नस जाळून घेतलेला माणूस हे विचारतो, तेव्हा मला त्याचा राग येत नाही. ज्यांनी त्याला असे घडवले त्यांचा येतो. कारण खरी गोष्ट नेमकी उलटी आहे. नाव नसलेल्या प्रयोगात त्याच्या बाजूने चाचणीच्या कायद्याची एक ओळसुद्धा उभी नसते. ज्या प्रयोगाला चाचणी म्हणतात, तिथे लेखी संमती आहे, नैतिकता समिती आहे, इजा झाली तर फुकट उपचार आहेत, मृत्यू झाला तर भरपाईचे सूत्र आहे. मात्र हे सगळे कागदावर आहे. ते कागदावरून पायापर्यंत येऊ न देण्याची जी सवय आपल्याकडच्या संशोधन करणाऱ्यांना लागली आहे, तिच्याबद्दल मला आज बोलायचे आहे. वऱ्हाडात चाचण्या झाल्या पाहिजेत, आजच्यापेक्षा कितीतरी जास्त झाल्या पाहिजेत, आणि आज ज्या पद्धतीने सह्या गोळा होतात त्या पद्धतीने एकही होता कामा नये.

आधी रोगाबद्दल. पायातले रक्त हृदयाकडे वर चढवायचे तर पोटरीच्या स्नायूंनी ते दाबावे लागते आणि शिरांमधल्या झडपांनी ते खाली घसरू देता कामा नये. झडपा निकामी झाल्या की रक्त खालीच साचते. शिरा फुगतात, वेड्यावाकड्या होतात, संध्याकाळी पाय जड होतो, रात्री पोटरीत गोळे येतात. पुढे घोट्याजवळची कातडी काळी पडते, खाज सुटते, आणि एखाद्या साध्या खरचटण्याने अशी जखम होते जी महिनोन् महिने भरत नाही. हा काही चेहऱ्यावर वांग यावा तसा दिसण्यापुरता आजार नाही. ज्याची जखम वाहते त्याला लग्नाच्या पंगतीत कोणी शेजारी बसवत नाही, हे मी पाहिलेले आहे.

घराण्यात असणे, बाळंतपणे, वजन, वाढते वय ही कारणे आहेतच, पण तासन्‌तास उभे राहावे लागणारी कामे हा रोग वाढवतात. अशा कामांवरच आमचा मुलूख चालतो. नांदगाव पेठच्या कापड बाजारात दिवसभर थान उलगडणारी पोरे, एसटीचे वाहक, अकोल्याच्या डाळ मिलमधल्या बाया, जिनिंगमध्ये सरकी आणि रुईच्या धुळीत उभे राहणारे मजूर, बाजार समितीतले हमाल, चौकातले वाहतूक पोलीस, हॉटेलातले आचारी. मी स्वतः आयुष्यभर फळ्यासमोर उभा राहिलो आणि त्याची पावती माझ्या डाव्या घोट्यावर आहे. बायकांचा आजार म्हणून याला झटकून टाकणाऱ्यांनी एडिंबरोचा अभ्यास वाचावा. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत १८ ते ६४ वयाच्या १,५६६ लोकांचे पाय तपासले होते आणि मुख्य शिरा फुगलेल्यांचे प्रमाण पुरुषांत ४० टक्के आणि स्त्रियांत ३२ टक्के निघाले होते.

एडिंबरोचे आकडे मी सांगतोय, कारण अमरावतीचे सांगायला नाहीत. इथून माझी तक्रार सुरू होते.

या आजाराबद्दल जे भरवशाचे ज्ञान आज जगात आहे त्याचा मोठा भाग ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या रुग्णांनी दिलेला आहे. २००४ साली ‘एस्चार’ या चाचणीने ५०० रुग्णांवर दाखवले की जखमेवर नुसती दाबपट्टी बांधली काय आणि तिच्या जोडीला शिरेचे ऑपरेशन केले काय, जखम भरण्याचे प्रमाण सारखेच राहते. पण वर्षभरात जखम परत येण्याचे प्रमाण नुसत्या पट्टीने २८ टक्के आणि ऑपरेशन जोडले तर १२ टक्के. २०१४ साली ‘क्लास’ चाचणीने ७९८ रुग्णांत फेस, लेझर आणि ऑपरेशन यांची तुलना केली. २०१९ साली त्याच रुग्णांचा पाच वर्षांचा हिशेब छापला, आणि फेस घेतलेल्यांचे हाल लेझर किंवा ऑपरेशनवाल्यांपेक्षा जास्त निघाले. २०१८ साली ‘एव्हरा’ आली. पायाला जखम असलेल्यांची नस लवकर बंद केली तर निम्म्या रुग्णांची जखम ५६ दिवसांत भरते, वाट पाहत बसले तर ८२ दिवस लागतात. या चाचणीतल्या ४५० रुग्णांसाठी त्यांनी साडेसहा हजारांवर माणसे तपासली होती.

त्या माणसांनी चिठ्ठीवर आपला उपचार सोपवला. हे लोकांना समजावून सांगावे लागते, कारण चिठ्ठी हा शब्द ऐकला की आपल्याला जुगार आठवतो. कोणाला लेझर आणि कोणाला फेस हे डॉक्टरने ठरवले तर तो चांगल्या पायांना आपले आवडते यंत्र लावील, बिघडलेल्यांना दुसरे, आणि मग आपल्याच यंत्राचा विजय जाहीर करील. चिठ्ठीने त्याचे हात बांधले जातात. ज्या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरलाही खरोखर माहीत नाही, तोच प्रश्न असा सोडवावा लागतो, आणि तो सोडवण्यासाठी पाय लागतात. स्कॉटलंडच्या, इंग्लंडच्या सामान्य माणसांनी ते दिले. पाच वर्षे प्रश्नावल्या भरून पाठवल्या. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण ते पाय आमचे नाहीत. ‘एव्हरा’मध्ये दोन्ही गटांच्या पायांना घट्ट दाबपट्टी होती. लवकर नस बंद केल्याचा फायदा त्या पट्टीच्या जोडीने मोजला आहे. आता अकोल्यात या. मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर जातो. निंदणाला, कापूस वेचायला जाणारी बाई गुडघ्यापर्यंतचे घट्ट मोजे घालून रानात बसणार आहे का? ती ते पहिल्या आठवड्यात काढून ठेवते, कातडीला घामोळे येते म्हणून, आणि धुवायचे पाणी दोन दिवसांआड येते म्हणून. दवाखान्यात गेली की डॉक्टर तिच्यावरच ओरडतात, “मोजे घालत नाही, मग कसं होईल?” या एका वाक्यात सगळे अपयश तिच्या माथी मारले जाते. मोजे न घालणाऱ्या पायावर लेझर किती दिवस टिकते? तिथे फेस दोनदा दिला तर पुरतो का? पोटरीच्या व्यायामाने काही साधते का? उन्हाळ्यात पट्टी सोडून फक्त रात्री पाय उंच ठेवला तर जखम किती दिवसांत भरते? हे प्रश्न वऱ्हाडाचे आहेत. त्यांची उत्तरे लंडनहून येणार नाहीत आणि यंत्र विकणाऱ्या कंपनीच्या माहितीपत्रकात तर मुळीच नसणार.

म्हणून एका रुग्णालयात मला विचारले, “काका, ट्रायलमध्ये येता का?” तेव्हा मी आनंदाने तयार होतो. दोन प्रचलित उपचारांची तुलना होती. मग तिथल्या एका मुलीने माझ्यापुढे कागद सरकवला आणि बोट ठेवून म्हटले, “इथे आणि इथे सही. उपचार फुकट आहे.” मी म्हटले, घरी नेऊन वाचतो. त्या मुलीच्या चेहऱ्यावर जे आश्चर्य उमटले, त्यावरून मला कळले की हे याआधी तिला फारसे कोणी म्हटलेले नाही. कागद मराठी होता, पण तो वाचणाऱ्यासाठी लिहिलेला नव्हता, तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यासाठी लिहिलेला होता. मी जन्मभर मुलांना मराठी शिकवले आहे आणि मला काही परिच्छेद तीनदा वाचावे लागले. माझा उपचार चिठ्ठीने ठरेल, हे त्या जंगलात एका ठिकाणी दडले होते. मी कधीही बाहेर पडू शकतो आणि त्यामुळे माझ्या पुढच्या उपचारावर परिणाम होणार नाही, हे शेवटाकडे होते.

मी दुसऱ्या वेळी प्रश्नांची यादी घेऊन गेलो तेव्हा बाकावर शेजारी बार्शीटाकळीकडची एक बाई बसली होती. पायाला मळकी पट्टी. तिने शाईने निळा झालेला अंगठा पदराला पुसत मला विचारले, “काय लिवलं हाये यात भाऊ? पाय तं बरा होईन ना माहा?” अंगठा देऊन झाल्यावर तिने हे विचारले. साक्षीदार म्हणून ज्याची सही होती तो त्याच विभागात पट्ट्या बदलणारा मुलगा होता.

कायदा काय म्हणतो? ‘नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचण्या नियम, २०१९’ सांगतात की माणसाला वाचता येत नसेल तर संमती घेताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक निष्पक्ष साक्षीदार हजर पाहिजे आणि त्याची सही पाहिजे. संमतीपत्राची प्रत आणि माहितीपत्रक त्या माणसाला मिळाले पाहिजे. माहिती त्याला कळेल अशा साध्या भाषेत पाहिजे. त्या कागदात त्याचे शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न लिहिण्याची जागा आहे, आणि वारसाचे नाव लिहिण्याचीसुद्धा, कारण चाचणीमुळे मृत्यू झाला तर भरपाई कुणाला द्यायची हे आधीच माहीत असले पाहिजे. त्या बाईच्या कागदावर वारस म्हणून कुणाचे नाव आहे, हे तिला माहीत नव्हते. तो रकाना कशासाठी आहे हेसुद्धा कोणी सांगितले नव्हते. सांगितले तर घाबरून पळून जातील, असे मला त्या मुलीने नंतर प्रामाणिकपणे सांगितले. माणूस खरे ऐकून पळणार असेल तर त्याला पळण्याचा हक्क आहे, आणि तो हक्क काढून घेतलात की मागे जे उरते त्याला संशोधन म्हणायची माझी तयारी नाही.

त्या मुलीला दोष देऊन मोकळे होणारा मी नाही. तिला कंत्राटावर ठेवलेले असते, महिन्याला इतकी नावे आणून दे असे सांगितलेले असते. नावे कमी पडली तर तिचेच जाते. जो तज्ज्ञ आपल्या नावाने शोधनिबंध छापणार असतो त्याने त्या बाकावर बसून त्या बाईशी दहा मिनिटे बोलायला पाहिजे. नियमांच्या नजरेत जबाबदार तोच आहे. तो त्या खोलीत नव्हता.

हे नियम कुणी दयाबुद्धीने दिलेले नाहीत, ते मेलेल्या माणसांनी मिळवून दिलेले आहेत. २००९ साली आंध्रच्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदऱ्याकडे हजारो मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस देण्याचा प्रकल्प झाला. सात मुलींच्या मृत्यूनंतर २०१० साली तो थांबवावा लागला. ते मृत्यू लसीमुळे झाल्याचे चौकशीत सिद्ध झाले नाही, पण आश्रमशाळांतल्या आदिवासी मुलींच्या संमतीपत्रांवर वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्या होत्या हे उघडे पडले. २०१३ साली संसदेच्या समितीने त्यावर कडक शब्दांत अहवाल दिला. मेळघाटातल्या आश्रमशाळा माहीत असलेल्या अमरावतीकराला हे वाचून झोप लागू नये.

इंदूरच्या ‘स्वास्थ्य अधिकार मंच’ने २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्यात केंद्र सरकारने सांगितले की २००५ ते २०१२ च्या मध्यापर्यंत ४७५ नव्या औषधांच्या चाचण्यांदरम्यान २,६४४ माणसे दगावली आणि त्यांतले ८० मृत्यू चाचणीमुळे झाले. कर्करोगाने, हृदयविकाराने आधीच मरणपंथाला लागलेली माणसे अशा चाचण्यांत असतात, म्हणून प्रत्येक मृत्यू औषधाच्या नावावर टाकता येत नाही, हे मी मान्य करतो. पण ८० हा आकडा ज्या व्यवस्थेने काढला त्या व्यवस्थेत मृत्यूचे कारण ठरवायला सुरुवात करणारे चाचणी करणारेच होते. न्यायालयाने फटकारल्यावर २०१३ साली भरपाईचा नियम आला, नैतिकता समित्यांची नोंदणी सक्तीची झाली, संमतीचे ध्वनिचित्रमुद्रण सुरू झाले. २०१५ साली ते मुद्रण आखडते घेतले. आता नव्या रेणूच्या औषधाची चाचणी असेल आणि सहभागी दुर्बल गटातला असेल तरच ते सक्तीचे आहे. म्हणजे बार्शीटाकळीच्या बाईशी कोण काय बोलले याचा कसलाही पुरावा कुठेही नाही, आणि कायद्याने तो लागतही नाही. माझ्या मते ही माघार अक्षम्य होती. ज्या देशात भाजीवाल्याच्या गाडीवर मोबाइल आहे तिथे संमतीच्या संभाषणाचे रेकॉर्डिंग महाग पडते, असे म्हणणाऱ्यांनी लोकांच्या डोळ्यांत बघून ते म्हणावे.

भरपाईचे सूत्रही लोकांना माहीत असायला हवे, कारण ते कोणीही सांगत नाही. आठ लाख रुपये ही आधारभूत रक्कम. तिला वयाच्या घटकाने आणि जोखमीच्या घटकाने गुणायचे आणि ९९.३७ ने भागायचे. वयाचा घटक पासष्टीपुढच्या माणसाला ९९.३७ आणि सोळा वर्षांपर्यंतच्याला २२८.५४. जोखमीचा घटक अर्ध्यापासून चारपर्यंत, माणूस जितका धडधाकट तितका मोठा. म्हणजे पासष्टीचा पण चालता-फिरता, फक्त पायाच्या नसा फुगलेला माणूस चाचणीमुळे दगावला, तर त्याच्या घरच्यांना ३२ लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते. गंभीर इजा झाली तर चोवीस तासांत कळवणे बंधनकारक आहे. नवी औषधे आणि उपकरणे यांना असे नियम आहेत. पण प्रचलित उपचारांची आपापसांत तुलना, किंवा पदव्युत्तर विद्यार्थ्याचा प्रबंध, यांचा बहुतेक भार एकट्या नैतिकता समितीवर पडतो. माझ्या चाचणीचा तसाच होता.

या समितीत किमान सात जण हवेत. निम्मे त्या संस्थेबाहेरचे, एक कायदा जाणणारा, एक स्त्री, एक सामान्य माणूस. संस्थेला स्वतःची समिती नसेल तर त्याच शहरातली किंवा ५० किलोमीटरच्या आतली समिती घ्यावी लागते, म्हणजे अमरावतीच्या समितीला अकोल्याच्या चाचणीला मंजुरी देता येत नाही. अंतराचा हा नियम कुणीतरी शहाणपणाने केलेला आहे. समितीला वाटले तर त्या बाकापर्यंत जाऊन पाहता यावे, एवढा त्याचा अर्थ. मी चाचणीत असेपर्यंत त्या बाकाकडे समितीचे कोणी फिरकलेले मला दिसले नाही.

मराठी मुलखाने चाचण्यांतून वैद्यकाला काय दिले आहे, ते वऱ्हाडातल्या माणसाला कोणी सांगितलेले नाही. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी १९९५ पासून ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेऊन पाहिली, ४७ गावांशी तुलना केली आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापले की नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. २०११ साली सरकारने तीच पद्धत आशाताईंच्या हाती दिली. बेळगाव जिल्ह्यात २००२ ते २००५ दरम्यान १,६२० बाळंतिणींवर मिझोप्रोस्टॉलच्या गोळीची चाचणी झाली. निम्म्यांना औषध, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या. बाळंतपणानंतर अति रक्तस्राव होण्याचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने या वापरासाठी ती गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. बेळगावच्या खेड्यांतल्या बाळंतिणींमुळे जगभरच्या बाया वाचल्या.

आणि उस्मानाबाद, आजचे धाराशिव. १९९९ साली तिथे सुरू झालेल्या चाचणीत १,३१,७४६ स्त्रिया होत्या. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कोणत्या पद्धतीने करावी, हा प्रश्न होता. टाटा मेमोरियल आणि बार्शीचे कर्करोग रुग्णालय त्यात होते. एका गटाची एचपीव्ही या विषाणूची चाचणी आयुष्यात एकदाच केली, एका गटाची तपासणी केलीच नाही. २००९ साली निकाल आला. एचपीव्ही गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू, तपासणी न झालेल्या गटात ६४. गटांची संख्या विचारात घेतली तरी मृत्यू जवळपास निम्म्यावर. या निष्कर्षाने जगाचे धोरण बदलायला मदत केली, हे खरे. पण तपासणी न झालेल्या ३१,४८८ बायांचे काय, हा प्रश्न एरिक सुबा या अमेरिकी पॅथॉलॉजिस्टने वर्षानुवर्षे लावून धरला. श्रीमंत देशांत ज्या आजाराची तपासणी अर्धशतक चालू होती, तिथे बिनतपासणीचा गट ठेवणे कसे चालते, असा त्याचा आक्षेप होता. चाचणीवाल्यांचे उत्तर असे की त्या भागात तपासणीची सोयच नव्हती, आम्ही काही काढून घेतले नाही. मला हे उत्तर पटत नाही. सरकारने जे दिले नाही त्याचा आडोसा संशोधकाने घ्यायचा, हा युक्तिवाद पुढे कुठेही नेता येतो. वऱ्हाडात लेझर कुणाला परवडते? मग ज्यांच्यावर काहीच होणार नाही असा एक गट ठेवा आणि त्यांच्या जखमा मोजत बसा, असे उद्या कोणी म्हटले तर ते चालेल का? मी ते चालू देणार नाही.

पण सुबाचा आक्षेप मान्य केल्यावर जे लोक म्हणतात की चाचण्याच नकोत, त्यांच्याशीही माझे भांडण आहे. चाचणी झाली नसती तर मराठवाड्यातल्या बायांना काय मिळाले असते? काहीच नाही, आणि कुणाला कळलेही नसते. चाचणीमुळे निदान तो आकडा छापला गेला. आमच्या पायांचा आकडा छापलेलाच नाही, हेच आमचे दुःख आहे.

माझी चाचणी संपली. ठरल्या भेटी झाल्या, डॉपलर झाले, नस बंद झाल्याचे सांगितले. जखम भरली, त्याबद्दल मी ऋणी आहे. मी विचारले, दोन्ही गटांची तुलना काय निघाली? “पेपर येईल काका.” कधी, कुठे, कोणत्या भाषेत? उत्तर आले नाही. २००९ पासून अशा चाचण्यांची नोंद दिल्लीच्या ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री’त करणे सक्तीचे आहे. ती कुणालाही फुकट पाहता येते, पण ती इंग्रजीत आहे, आणि माझ्याशेजारी बसलेल्या बाईला तिचे असणेही ठाऊक नाही. तिच्या पायातून काढलेली माहिती तिच्याशिवाय सगळ्यांकडे जाऊ शकते. शिवाय दरवर्षी सर्जरीचे किती विद्यार्थी पायांच्या नसांवर प्रबंध लिहून पदवी घेऊन जातात. त्या प्रबंधांतल्या पायांना कधी पत्र गेले आहे? शंभर रुपयांच्या टपाल तिकिटांत हे होते. संशोधकांना ते सुचत नाही, कारण रुग्णाकडे माहितीचा धनी म्हणून त्यांनी कधी पाहिलेच नाही.

म्हणून ज्याला कोणी असा कागद पुढे करील त्याने सही थांबवावी आणि विचारावे: चिठ्ठीत दुसरा उपचार निघाला तर माझे काय होईल, मधेच सोडले तर उपचार मिळेल का, रोज बुडेल त्याचे आणि एसटीच्या तिकिटाचे पैसे कोण देईल, निकाल मला मराठीत कोण पाठवील. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी भरून देण्याची मुभा आहे. देणारे मात्र चहा आणि बिस्किटाचा पुडा देऊन उपकार केल्यासारखे पाहतात. उत्तर मिळाले नाही तर उठून यावे. मिळाले तर जरूर सही करावी, कारण पुढच्या पिढीतल्या वाहकाला आणि निंदणाऱ्या बाईला काय लागू पडते, हे त्याच्या पायाशिवाय कळणार नाही.

आणि समितीतल्या त्या ‘सामान्य माणसा’च्या खुर्चीवर निवृत्त प्राचार्य, संस्थाचालकांचे मेहुणे आणि व्यापारी मित्र बसवणे बंद करा. मला स्वतःला त्या खुर्चीवर बसायचे नाही, मी मास्तर आहे, मला इंग्रजी येते. तिथे ज्याच्या पोटरीला पट्टी आहे असा माणूस बसवा आणि संमतीपत्र आधी त्याला वाचून दाखवा. त्याला कळले नाही तर चाचणीला मंजुरी नाही. अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या ज्या समितीला असा माणूस सापडत नसेल तिने मला कळवावे. बार्शीटाकळीहून मी त्या बाईला घेऊन येतो. तिचा दिवसाचा रोज आणि येण्याजाण्याचे तिकीट समितीने द्यायचे.